मखमली अस्तराचा खोका

जुळे सोलापुरातल्या सिद्रामप्पांकडे शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांचा एक बॉक्स सेट होता, आणि तो ऐकायचा नव्हता, बघायचा होता. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आत जांभळी मखमल आणि प्रत्येक तबकडीला वेगळं रेशमी पाकीट. जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात माल पॅक केलेल्या माणसाचा जीव अशा खोक्यात अडकणारच! "ह्यातलं काय बी फुटणार न्हाय," असं ते आल्यागेल्याला ऐकवत. गाणं मात्र त्यांनी एकदाही लावलं नव्हतं. तबकडी काढली की पाकिटाला सुरकुती पडते म्हणे.

संगीत मंडळाच्या प्रदर्शनात दर्शनी टेबलावर आपलाच सेट बसावा, या ध्यासानं त्यांची झोप उडाली होती. ते ठरवायला मंडळाचे नारायणराव सकाळीच आले. सिद्रामप्पांनी त्यांना आधी पांढरे हातमोजे घालायला लावले आणि मग कपाटातून खोका आणला.

"वा! काय देखणा आहे हो!" नारायणरावांनी पाकिटात अलगद दोन बोटं घातली.

कट्‌कन आवाज झाला.

नारायणराव पांढरेफटक पडले. "देवाशपथ, मी नुसता हात लावला!" सिद्रामप्पांना दरदरून घाम फुटला. नारायणरावांनी तुकडा बाहेर काढला. त्याला तीळ लागलेले होते.

"अय्यो, फोडली का?" चंद्रिकाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "चेतनाला पाठवायच्या भाकरी हायत त्या!"

"माझ्या खोक्यात कडक भाकरी?"

"मग काय करू? दर वेळी लेकीला पुण्यात चुराच मिळतोय. तुमीच म्हणता की, ह्यातलं काय बी फुटत न्हाय. आन् मापात बी कशा बसल्या बघा!"

"तबकड्या कुटं हायत?"

"भाकरीच्या डब्यात. वरनं फडकं बांधलंय, धूळ नको म्हणून."

सिद्रामप्पांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. काल बायको "भाकरी भरून झाल्या" म्हणाली, तेव्हा फडकं बांधलेला तो पत्र्याचा डबा त्यांनी नेहमीसारखा स्वतःच पुण्याच्या गाडीत चढवला होता.

नारायणरावांनी तोवर तुकडा तोंडात टाकला होता. "शेंगाचटणी आहे का हो?"

तेवढ्यात चेतनाचा फोन आला.

"अप्पा, भाकरी पोचल्या. पार काळ्या झाल्यात, पन नवल बघा, एक बी फुटली न्हाय!" ती खिदळत होती. मागे कुणीतरी गात होतं. असा आवाज की सिद्रामप्पा घाम पुसायचे विसरले.

"कोण गातंय गं? लई गोड गातंय की."

"तुमचीच भाकरी गातीय की, अप्पा! मैत्रिणीकडं लावलीय."

सिद्रामप्पांना हसावं की रडावं कळेना. डोळे मात्र भरून आले. ते म्हणाले, "चेतना, तो डबा जपून आण. टेबलावर डबाच मांडायचा."

"आणि खोका?" नारायणरावांनी विचारलं.

तो चंद्रिकाबाईंनी केव्हाच आत नेला होता. फुटलेल्या भाकरीची जागा भरायची होती ना.