तुमचा फार त्रास होतो

या, अशा जवळ या. दारात चपला घालून उभं राहायचं आणि "मावशी, परत कधीतरी" म्हणायचं, ही काय रीत झाली? भाईंदर लांब पडतं म्हणता आणि चिक्कीसाठी लोणावळ्याला जाता. बसा. माझा लसूण सोलून होईपर्यंत आमच्या जाधवभाऊंचं सांगते. मला स्वतःला ते पुरते कळलेत असं नाही, पण अर्धवट कळलेलं सांगायला मी कधी लाजले नाही.

आमच्या इमारतीत कुणालाही कुठल्याच वादनाचा शेवट माहीत नाही. ही जाधवभाऊंची कृपा. ते बरोबर माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर परळची खोली सोडून इथं आले, तेव्हा सगळं सामान टेम्पोत होतं आणि टेपरेकॉर्डर यांच्या छातीशी. आता जो तो सीडी आणतो, पण यांच्या कॅसेटी काही सुटल्या नाहीत. संध्याकाळी दिवे लागले की सतारीची नाहीतर बासरीची एक सुरू होते. आधीचं ते आळोखेपिळोखे देत चाललेलं आम्ही सगळे ऐकतो. मग तबला येतो. मग पळापळ सुरू होते, माझी कणीकसुद्धा त्या चालीवर जोरात मळली जायला लागते, आणि नेमकं तेव्हाच खट्! कॅसेट बंद. कणकेत हात घालून मी छताकडे बघत बसते.

एकदा विचारलं, भाऊ, कॅसेट अडकते का? स्टेशनपाशी एक जण टेप साफ करून देतो. तर म्हणाले, "नाही ताई, कॅसेट चांगली आहे. पुढं फार त्रास होतो."

त्रास. हा त्यांचा शब्द. मला वाटलं कानाचं काही असेल, जन्मभर टेलिफोनच्या तारांशी झटापट केलेली. मग वाटलं पोटात गॅस धरत असेल. ओव्याचं पाणी करून दिलं. ते बिचारे प्यायलेसुद्धा.

मग मुर्ध्याला एका लग्नात प्रकार पाहिला. पंगत चालली होती आणि बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यानं असं काही वाजवायला घेतलं की वाढपीसुद्धा पातेलं धरून थांबला. जाधवभाऊ उठले, अर्धी जिलबी पानात टाकली आणि तडक मांडवाबाहेर. मुलीकडच्यांची गाळण उडाली. मानपानात चुकलं, पाहुणा रुसला. मुलीचा मामा टॉवेल-टोपी नि नारळ घेऊन मागं धावला. भाऊ सापडले जुन्या मिठागराच्या बांधावर, दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेले. मामाला म्हणाले, रुसलो नाही हो, तो वाजवणारा त्रास देतोय. मामानं परत येऊन त्या क्लॅरिनेटवाल्याला झापलं, आणि पुढचं जेवण नुसत्या ढोलावर झालं.

उलटं पाहायचं तर माझी जाऊबाई. साठीला हार्मोनियम शिकली. तिचं वाजवणं ऐकायला भाऊ शेवटपर्यंत मांडी घालून बसले आणि टाळ्या वाजवून म्हणाले, "छान, छान. अजिबात त्रास झाला नाही." ती बाई अजून ते चारचौघांत सांगत फिरते. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, की यांचं छान म्हणजे वाईट आणि त्रास म्हणजे सोनं. पण सोनं असेल तर माणूस पळतो कशाला? ते काही कळेना.

त्यात दुसऱ्या मजल्यावर डॉमनिक राहायला आले. इथल्याच किनाऱ्यावरच्या पालीचे. तिकडचं जुनं घर पाडून नवं बांधतायत, तोवर आमच्याकडे भाड्यानं. घरचे सगळे मासेमारीत, पण हे लहानपणापासून फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, नादात. चर्चमध्ये वाजवायचं, लग्नात वाजवायचं. दुपारी जेवणं झाली की वरून फिडल सुरू व्हायचं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण पहिल्या दिवशीच माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि रात्रीसाठी लावलेल्या डाळीची पेज झाली.

भाऊंची खरी पंचाईत झाली. कॅसेट बंद करता येते, डॉमनिकला कुठं बटण आहे? सूर चढला की भाऊ जिन्यात. चार पायऱ्या खाली यायचे, थांबायचे, पुन्हा वर जायचे. पळताही येईना आणि राहवेना. शेवटी एका दुपारी ते दुसऱ्या मजल्यावर चढले, डॉमनिकसमोर हात जोडले, डोळे लालभडक, आणि म्हणाले, "तुमचा फार त्रास होतो हो. सोसवत नाही." एवढं बोलून खाली माझ्या दारात. चेहरा असा फुललेला, जणू नातू झालाय. म्हणाले, ताई, आज त्या माणसाला मनातलं सांगून आलो.

दुसऱ्या दिवसापासून वर चिडीचूप.

डॉमनिक सरळ माणूस. स्वतःच सेक्रेटरी मेहताभाईंकडे जाऊन माफी मागून आले. मेहताभाईंनी बोर्डावर नोटीस डकवली, दोपहर में कोई आवाज़ न करे. भाऊंनी चष्मा लावून ती वाचली आणि मान डोलावली. बरोबर आहे म्हणे, ते ड्रिलवाले फारच माजलेत.

मग मात्र ते उतरत गेले. कॅसेट लावीनात. मी बोंबलाचं कालवण दिलं, तो डबा तसाच परत. दुपारी जिन्यात येऊन उभे राहायचे आणि वर बघायचे. मला विचारलं, वरचे आजारी आहेत का? मग आवाज खाली करून म्हणाले, "मी दृष्टबिष्ट मानत नाही ताई. पण मीच कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी बंद पडलं. असं कसं?"

आता मला पुरतं कळलं नव्हतं तरी एवढं कळलं, की वर गेलंच पाहिजे. गुडघ्यांना शिव्या देत गेले. फिडलची पेटी कपाटावर चढवलेली. डॉमनिक खिडकीशी बसलेले आणि डाव्या हाताची बोटं तिच्या गजावर नाचत होती, त्यांना ठाऊक नसताना. म्हणाले, "मावशी, त्या भावाला तरास व्हतं. हात जोडून बोलला. म्हातारा मानूस हाय. घर व्हईपर्यंत न्हाय वाजवला तर काय मरत न्हाय मी."

मी म्हटलं, अहो, त्यांचा त्रास म्हणजे छान. आणि छान म्हणतात ते... ते छान नसतं. सांगता सांगता माझाच गुंता झाला. डॉमनिकची बोटं गजावर थांबली.

"मंग ज्याला वाजवता येत न्हाय, त्याला ते काय बोलतात?"

"छान."

"बरा झाला मला छान न्हाय बोलले," म्हणून त्यांनी पेटी खाली काढली. उद्या वाजवीन म्हणाले, पण त्यांना इचारा, ऐकायचा हाय तर पळतात कशाला.

खाली उतरताना भाऊ जिन्यातच भेटले. विचारलं. ते पायरीवर बसले आणि कठड्याकडे बघत म्हणाले, "सुमन असायची ना."

सुमन त्यांची बायको. इथं यायच्या आधीच गेली, मी पाहिलेली नाही. परळला मंडपात कुणी मोठं वाजवायला आलं की ही दोघं रस्त्यावर पेपर अंथरून बसायची. वाजवणं चढायला लागलं की सुमन यांचं मनगट धरायची. घट्ट. कधी नखं रुतायची. मेला किती त्रास देतो, असं तीच म्हणायची. तिचाच शब्द तो.

"ते दोघांत वाटून जायचं, ताई. आता सगळं माझ्या एकट्यावर येतं."

मी खाली आले आणि उद्याचा लसूण काढून ठेवला.

दुसऱ्या दुपारी सुपात लसूण घेऊन मी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. घरात उकडतंय म्हटलं. वर फिडल सुरू झालं. आधी सावकाश, मग भराभर, मग असं काही की माझ्या हातातली पाकळी हातातच राहिली. भाऊंनी कठडा धरला. आता उठणार. आणि पाहते तर माझा हात त्यांच्या मनगटावर, लसणाच्या टरफलांसकट. मी त्यांना धरलं, की मलाच काहीतरी धरायला हवं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण भाऊ उठले नाहीत. वादन संपलं तेव्हा मी मनात म्हटलं, असा असतो होय शेवट.

भाऊ डोळे पुसत म्हणाले, "ताई, लसणाचा वास येतोय."

वरून डॉमनिकनी कठड्यावरून वाकून विचारलं, "भाऊ, तरास झाला का?"

"भयंकर," भाऊ म्हणाले.

डॉमनिक खूश होऊन आत गेले.

नोटीस अजून बोर्डावर आहे, तिच्याकडे आता कुणी बघत नाही. पण पालीच्या घरावर स्लॅब पडला म्हणतात. डॉमनिक गेले की मग काय, हे भाऊ विचारत नाहीत आणि मी बोलत नाही. तेव्हा आज आलात तसं भलत्या वेळी येऊ नका. दुपारी या, आणि लवकर या. त्या पायरीवर दाटीवाटीनं तिसरं माणूस बसतं, भाऊंचं दुसरं मनगट रिकामंच आहे. येताना काही आणू नका. फक्त नखं कापून या.