हद्दवाले गोविंदराव

आमचे शेजारी गोविंदराव जेवायला बसले की आधी ताटातल्या जिनसांची हद्द विचारीत. भाकर वऱ्हाडची, भात मध्यप्रांताचा, मिरची निजामाच्या मोगलाईची, असं सगळं ठरल्यावाचून ते घास उचलत नसत. एकदा आमच्याकडे पंगतीत त्यांनी चटणीतल्या तिळाची चौकशी केली. तीळ कुठले ते घरात कोणालाच सांगता येईना. चटणी ताटात तशीच राहिली.

ते कापसाचे दलाल. आमचा वाशीम जिल्हा मोडून अकोल्यात घातला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी ते कधी मानलं नाही. मी कामाने अकोल्याला निघालो की विचारायचे, "परजिल्ह्यात कायले चालले?" त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. जिल्ह्याची कचेरी गेली तसे वकील गेले, त्यांची घरभाडी गेली, पक्षकारांवर चालणाऱ्या खानावळी बसल्या. कापसाच्या गाड्याही मोठ्या पेठेकडे वळू लागल्या. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

बाजारातले कापडवाले कासमभाई त्यांना मुद्दाम डिवचत. "गोविंदरावजी, वऱ्हाड तं निजामाचंच हाये. इंग्रजानं भाडेपट्ट्यानं घेतलं. मंग तुमी हद्द कायची सांगता?"

"मालक कोनीबी असो, वहिवाट आपली," गोविंदराव म्हणत आणि उठून जात.

पैनगंगेपलीकडे मोगलाई. तिथला रुपया निजामाचा हाली, आपला इंग्रजांचा कलदार. मालाला नाक्यावर जकात. अशा परमुलखात या माणसाने आपली एकुलती एक लेक, चंद्रभागा, कशी दिली हे गावाला कोडं होतं. स्थळ चांगलं होतं, एवढंच ते सांगत.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्याकडची रीत. चंद्रभागेला मूल झालं नाही. गोविंदराव दर उन्हाळ्यात तिला भेटायला जात. सोबत भोपळ्याच्या तुंब्यात घरच्या विहिरीचं पाणी नेत, तिच्या ओसरीवर बसून तेवढंच पीत आणि दिवस कलायच्या आत परतत. माहेरी आली असताना चंद्रभागा आमच्या घरात एकदा बोलून गेली होती, की बाबा आले की बरं वाटतं, पण तो तुंबा दिसला की सासरच्या बायका तिच्याकडे बघतात.

एका वैशाखात मीही त्यांच्या बंडीतून गेलो. मला तिकडे बैल बघायचे होते. नदी ठणठणीत कोरडी होती. वाळूत चाक रुतलं, हिसका बसला आणि तुंबा फुटला.

चंद्रभागेच्या ओसरीवर टेकलो तेव्हा गोविंदरावांचे ओठ एकमेकांना चिकटत होते. मला पाणी मिळालं. त्यांना कोणी विचारलं नाही. चंद्रभागेची सासू दारात उभी होती.

"इवाईबुवा, औंदा तुंबा नाई आनला?"

गोविंदरावांनी मान खाली घातली. चंद्रभागा मागल्या दारी गेली. विहिरीवरचा रहाट वाजलेला मी ऐकला. मग ती भरला तांब्या घेऊन आली आणि सासूच्या देखत बापासमोर उभी राहिली.

"बाबा, हे नदीच्या त्या आंगचं पानी हाये. वऱ्हाडातलं. तुमच्यासाठी सकाळीच आनून ठेवलं होतं."

गोविंदरावांनी तांब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"आपल्याकडचंच हाये," ते विहिणीला म्हणाले. "चव लागते ना."

आणि तांब्या पुन्हा लेकीपुढे धरला.