सोमवारपर्यंत एकशेसाठ पिंपं

ठाकूरकाकांना लग्नाची इंग्रजी पत्रिका दिली की ती दोन दिवसांत परत येते. लाल शाईने तपासून. आहेराचं पाकीट ते लग्नात वेगळं देतात, जेवूनही जातात, पण पत्रिका मात्र परत.

पेणला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर म्हात्रे राहतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका वाटून झाल्या, आणि मग काकांकडून तीनशेएकावी परत आली. छापणाऱ्याने 'प्रेझेन्स'च्या जागी 'प्रेझेंट्स' छापलं होतं. काकांनी त्याला गोल करून बाजूला मराठीत लिहिलं होतं, "आपण उपस्थितीची नव्हे, भेटवस्तूंची विनंती केली आहे." तोवर कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर म्हात्रे आठवडाभर जिन्यात खाली मान घालून चालले.

सेक्रेटरीने एकदा गेटाशी पाटी लावली, 'डोन्ट पार्क हिअर, बाय ऑर्डर.' दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने एक शब्द आला, 'हूज?' सेक्रेटरी तणतणत वर गेला. काका शांतपणे म्हणाले, "हुकूम कोणाचा ते लिव ना. तुझा असंल तर तुझं नाव टाक. नाव टाकायला घाबरतोस तर हुकूम कशाला करतोस?" सेक्रेटरीने चार दिवस विचार करून पाटीच काढून टाकली. आता आमच्याकडे कोणीही कुठेही गाडी लावतं.

काकांचे वडील खाडीकडच्या मिठागरात राबायचे. काका शिकले, रोह्याला एका केमिकल कंपनीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसले आणि त्याच टेबलावरून निवृत्त झाले. बोलणं अजून खाडीचं, इंग्रजी मात्र कडक इस्त्रीचं. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते. चार वर्षांत आमचं बोलणं म्हणजे जिन्यात "काय गो, चाललीस?" आणि "हो काका" एवढंच. पत्रिका परत येणाऱ्या माणसाच्या घरी कोण कशाला जाईल? पण मला जावं लागलं, कारण मी 'टिल' लिहिलं.

मी रोह्यालाच, पण दुसऱ्या कंपनीत, खरेदी विभागात आहे. पेणहून कंपनीच्या बसने वडखळ, नागोठणे करत जाते. आम्हाला रिकामी पिंपं हवी होती. चाळीस पिंपं, सोमवारपर्यंत. मी गुरुवारी गुजरातच्या पुरवठादाराला ईमेल केला, 'प्लीज सेंड फॉर्टी ड्रम्स टिल मंडे.' आपण मराठीत विचार करतो तसं सरळ लिहिलं आणि बस पकडली.

शुक्रवारी चाळीस पिंपं आली. मी खूश. शनिवारी आणखी चाळीस आली. मला वाटलं, कोणाची तरी चुकून आली. रविवारी गेटवरच्या वॉचमनचा फोन, "मॅडम, पिंपं आलीत, उतरवू का नको?" सोमवारी मी पोचले तर चौथा ट्रक गेटाशी उभा होता, आणि आवारात एवढी निळी पिंपं की मॅनेजरसाहेबांची गाडी आत जाईना. ड्रायव्हर खाली उतरून अभिमानाने म्हणाला, "मॅडम, संडे को भी भेजा. आपने लिखा था ना, टिल मंडे."

मंगळवारी माझ्या टेबलावर मेमो. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या, अन्यथा कारवाई. खुलासा अर्थातच इंग्रजीत. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ज्या भाषेने ट्रक आणले त्याच भाषेत आता माफी मागायची होती.

त्या संध्याकाळी मी काकांचं दार वाजवलं. त्यांनी मेमो दोनदा वाचला आणि आधी मेमोतल्याच दोन चुका काढल्या. मग माझा ईमेल वाचला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी मिठाईच आणली होती.

"'टिल' म्हंजे तोवर चालू ठेवा. 'बाय' म्हंजे त्या दिसाच्या आत एकदा उरकून टाका. त्यांनी बरोबर केलं गो. तू सांगितलंस तसं केलं."

"पण काका, मराठीत दोन्हीला 'पर्यंत'च म्हणतात."

"मराठीत म्हणतात. पिंपं इंग्रजीत आली."

मी खुलासा लिहून नेला होता. पहिलंच वाक्य, 'द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड.' त्यांनी चष्मा काढला. "साहेबाची गाडी गेटाबाहेर हाय नि तू इनकन्व्हिनियन्स म्हणतेस? आनि 'कॉज्ड' कोणी केलं? वाऱ्यानं? या वाक्यात माणूसच नाय. उद्या माणूस घालून आन." मग चहा झाला. कपाटातून टोस्ट निघाले. घरी आले तेव्हा मला अर्धंच समजलं होतं.

बुधवारी माणूस घालून नेला. 'आय हॅव कमिटेड अ मिस्टेक.'

"कमिट खून करतात. चूक 'मेक' करतात."

"पण मेक म्हणजे बनवणं ना? मी काय मुद्दाम बनवली?"

काका थबकले. "तसं बघशील तर..." म्हणत त्यांनी एक जाडजूड शब्दकोश काढला, त्यातून दुसरा निघाला, आणि तासाभराने आम्ही दोघंही अशा ठिकाणी पोचलो की चूक करतात, होते, घडते की सापडते तेच कळेना. मग सॉरीचा विषय निघाला. "सॉरी धक्का लागल्यावर. रिग्रेट लग्नाला जाता येत नाय तेव्हा. अपॉलोजाइज आपली चूक असंल तेव्हा." मी विचारलं, "मग माझी सॉरी आहे का रिग्रेट?" ते म्हणाले, "विचार कर. उद्या ये."

त्या दोन दिवसांत माझं डोकं फिरायची वेळ आली. नवऱ्याला फोनवर "आठपर्यंत येते" म्हटलं आणि माझं मलाच कळेना की मी आठला येणार आहे का आठ वाजेपर्यंत नुसती येतच राहणार आहे. ऑफिसात दोन ओळींचा ईमेल लिहायला तास लागला. बसमध्ये शेजारीण म्हणाली, "सॉरी हं, जरा सरक," तर मी मनात म्हटलं, बरोबर, धक्का लागला.

गुरुवारी मी रडकुंडीला आले होते. "काका, उद्या द्यायचाय. मला काहीच कळत नाहीये. मला नोकरी पाहिजे, व्याकरण नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, आतल्या खोलीत गेले आणि घडी केलेला कागद घेऊन आले. सुंदर, एका वळणाचं अक्षर. फक्त तीन वाक्यं. पहिल्यात मी काय लिहिलं, दुसऱ्यात मी काय लिहायला हवं होतं, तिसऱ्यात ही चूक माझी आहे आणि जादा पिंपं परत पाठवायची व्यवस्था मी करते आहे. कुठे गयावया नाही, कुठे लपवाछपवी नाही. वाचताक्षणी मला कळलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी कळलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात ते टाइप करताना मी मध्येच थांबले. कागदावर तारीख मंगळवारची होती! काकांची चूक! साऱ्या पेणच्या पत्रिका तपासणाऱ्या माणसाची चूक मला सापडली होती. मी तारीख बदलली आणि खुलासा दिला. मॅनेजरसाहेबांनी वाचला, पुन्हा वाचला, म्हणाले, "कोणी काय केलं हे पहिल्या वाचनात कळलेला हा पहिलाच खुलासा," आणि फाइलला लावून टाकला. पुरवठादाराने एकशेवीस पिंपं परत न्यायचं कबूल केलं. नोकरी वाचली. पण बसमध्ये मला आनंद खरं तर त्या तारखेचाच जास्त होता.

संध्याकाळी चप्पलसुद्धा न काढता मी समोरच्या दारात उभी राहिले. "काका, पास झाले! पण तुमची एक चूक सापडली. मंगळवारची तारीख टाकलीत तुम्ही."

मला वाटलं, ते चिडतील. शब्दकोश काढतील. पण त्यांनी माझ्या हातातून आपला कागद घेतला आणि तारखेवर अंगठा फिरवला.

"तारीख बरोबर हाय," ते म्हणाले. "ज्या दिवशी लिवलं त्या दिवसाची हाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मी मंगळवारी मेमो घेऊन आले होते, टोस्ट खाऊन घरी गेले होते, आणि मी दार ओढून घेतल्यावर त्यांनी बसून तीन वाक्यं लिहून ठेवली होती. मग बुधवार कशासाठी? 'कमिट' आणि 'मेक' कशासाठी? मी दोन दिवस धड जेवले नव्हते.

"मंगळवारीच लिहून झालं होतं?" माझा आवाज चढला. "मग दिलं का नाही, काका?"

"दिलं असतं तर तू बुधवारी आली असतीस काय गो?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं. त्या माणसापुढे चुकीचं वाक्य बोलवेना.

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, उत्तर बरोबर असल्यासारखी. मला राग आला होता की वाईट वाटत होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी चप्पल काढली आणि आत जाऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. त्यांनी चहा ठेवला. या वेळी मध्ये कागद नव्हता. काकांनी टोस्टचा डबा उघडला, झाकला, पुन्हा उघडला.

मग हळूच म्हणाले, "तुझं माहेर कुठलं गो?"

"निडी."

"निडी व्हय? स्टेशनच्या कुठल्या अंगाला?"

आणि मी सांगायला लागले.