गाडीचं नाक

पुढची बाजू

"गाडीचं तोंड का पडलंय?" समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून शिकवणीवाल्या मास्तरांनी विचारलं, आणि अंगणात उभ्या असलेल्या थोरल्याला हातातला चहा नकोसा झाला.

तोंड खरंच पडलं होतं. पिकअप पुढून खाली, मागून वर, कुणाचा तरी माग हुंगत असल्यासारखी उभी होती. यात गाडीचा दोष नव्हता. पिकअपचं नाक कंपनीच जरा खाली ठेवते. हौद्यात ओझं पडलं की मागचा भाग दबतो आणि गाडी सरळ होते. थोडक्यात, पिकअप जन्माला येते तीच ओझ्याची वाट बघत.

हे ओझं पुष्कळ वर्षं हौद्यात होतं. दोघा भावांचा फाटकं आणि कठडे बनवण्याचा धंदा, आणि हौद्यात कायमचं बसवलेलं, स्वतःच्या इंजिनवर चालणारं अवजड वेल्डिंग मशीन. त्या वजनाने गाडी इतकी सरळ उभी राहायची की थोरला टपावर काठोकाठ भरलेला कप ठेवून लोकांना दाखवायचा. सरळपणाचं त्याला वेडच होतं. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं तशी त्याच्या खिशात वीतभर पाणसळ असायची. कुठेही गेला की आधी ती टेकवायचा, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येतो का बघायचा, आणि मगच घरातल्या माणसांची चौकशी करायचा.

मग एका गिऱ्हाइकाचं नवं फाटक उघडताना जमिनीला घासलं.

"जमीन तिरकी आहे, दादा," धाकटा म्हणाला.

"जमीन सरळ आहे. हा बघ बुडबुडा, मधोमध. तू माप चुकलास," थोरला म्हणाला, आणि तेही गिऱ्हाइकाच्या देखत.

"मग त्या बुडबुड्यालाच घे धंद्यात."

मशीन धाकट्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं होतं. त्याने त्याच दिवशी त्याचे बोल्ट सोडले, आणि मशीन घेऊन तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. गाडीचा मागचा भाग उचलला गेला, आणि नाक खाली.

थोरल्याला हवा होता धाकटा. पण ते काही तोंडातून निघेना, म्हणून तो बायकोला म्हणाला, "गाडी लेव्हल करायला हवी."

डावी बाजू

लेव्हलिंग किट म्हणजे दोन जाड चकत्या आणि मूठभर नटबोल्ट. पुढच्या चाकांमागे स्प्रिंग गुंडाळलेला शॉकअप असतो, त्याच्या डोक्यावर चकती बसवली की गाडीचं नाक वर येतं. खोक्यातल्या कागदावर चारच चित्रं होती, आणि चौथ्या चित्रातला माणूस हसत होता.

पहिल्या चित्रापर्यंत थोरलाही हसत होता. जॅक लावला, स्टँड ठेवले, डावं चाक काढलं. मग शॉकअपचे नट अडले. त्यासाठी लांब दांड्याचा पाना लागतो, आणि तो धाकट्याकडे गेला होता. थोरल्याने एका गिऱ्हाइकाच्या फाटकासाठी कापून ठेवलेला पाइप पान्यात अडकवला. नट तसाच राहिला, पाइप वाकला.

गल्लीतले सगळे त्याच्या बायकोला वहिनी म्हणत, तर आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पायरीवर शेंगा सोलत होत्या. त्या उठून आत गेल्या, थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नटाला आधी तेल पाजा, मग विचारा."

थोरल्याचा हात थांबला. नटाला तेल पाजून विचारणारा जगात एकच माणूस होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"मला आपलं वाटलं."

थोरल्याने तेल पाजलं. नट सुटला.

चाकाजवळचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, निघेना तेव्हा तो हातोडा घेऊन थेट जॉइंटवरच तुटून पडला. वहिनी आत जाऊन आल्या. "जॉइंटवर नको. शेजारच्या जाड लोखंडावर मारा. घाबरून आपोआप सुटतो म्हणे."

"म्हणे?"

"म्हणजे मला वाटलं."

सुटला. सुटल्या सुटल्या सगळं धूड ब्रेकच्या नळीला लोंबकळायला लागलं. वहिनी आता धावतच आत-बाहेर करत होत्या. "नळीला ताण देऊ नका, वरून तारेने बांधा." घरात तार होती ती एकच, कपडे वाळत घालायची. ती सोडली. ओले कपडे गाडीच्या बॉनेटवर, आरशांवर आणि दारांवर गेले. मास्तरांचीही एक चादर तारेवर होती. ती खाली पडलेली मास्तरांना वरून दिसली आणि ते तरातरा खाली आले.

"आलातच आहात तर इथे उभे राहा," थोरला म्हणाला. चकती बसली होती, पण शॉकअप आता लांब झाला होता आणि खालचं भोक जुळत नव्हतं. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्यावर, म्हणजे आर्मवर, कोणीतरी पाय देऊन तो दाबायला हवा होता.

मास्तर आर्मवर चढले. आर्म जराही हलला नाही.

वहिनी आत जाऊन आल्या. "जड माणूस घ्या. मास्तर कामाचे नाहीत."

"हे कोणी ठरवलं?" मास्तर दुखावले.

"मला आपलं वाटलं."

शेवटी मास्तर आणि वहिनी दोघं मिळून आर्मवर उभे राहिले, मास्तरांच्या हातात चादर, वहिनींच्या हातात फोन, आणि बोल्ट आत गेला.

डावी बाजूच, अजून

डावी बाजू इथेच संपली होती. फक्त नट आवळायचे राहिले होते. मास्तर चादर घेऊन वर गेले. जन्मभर नट आवळत आलेल्या थोरल्याने पाना हातात घेतला आणि विचारलं,

"हा कुठल्या बाजूला फिरवायचा?"

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत गेल्या.

"उजवीकडे. घड्याळासारखा."

"आणि किती घट्ट?"

आत. बाहेर.

"हाताने आवळून झाल्यावर अजून पाव फेरा. आणि... तुमच्या पाठीचं कसं आहे?"

"हे पण तुला वाटलं?"

"हो."

थोरल्याने नटावरचं तेल पुसलं. नंतर तो कोरडा नट पुन्हा पुसला. "वाकलं की दुखते. सांग त्याला. म्हणजे, तुला सांगतोय."

आत. बाहेर.

"ओव्याचं तेल लावून झोपा. मागच्या कपाटात खालच्या खणात आहे. मीच ठेवलं होतं."

ते तेल वहिनींनी कधीच ठेवलेलं नव्हतं. दोघांनाही माहीत होतं. थोरला म्हणाला, "बघतो," आणि नट आणखी पाव फेरा आवळला. तेवढी गरज नव्हती.

"त्याचं... म्हणजे, जेवणखाण वेळेवर होतं का?"

"कोणाचं?"

"कोणाचंही. सहज विचारलं."

वहिनी आत गेल्या. या वेळी त्यांना यायला वेळ लागला, आणि आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "होतं," त्या म्हणाल्या. "पण हाताने करून खाताना माप चुकतं. रोज दोघांचं होतं."

उजवी बाजू

उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी होती. गोची तिथेच झाली.

नटाला तेल पाजायचं, हे आता थोरल्याला सांगून झालं होतं. हातोडा कुठे मारायचा, हेही सांगून झालं होतं. तार तयार होती. उजवा शॉकअप निमूटपणे हातात आला. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, शेंगा संपल्या होत्या, फोन मांडीवर गप्प पडला होता. चांगलं चाललेलं काम इतकं वाईट वाटेल, याची थोरल्याला कल्पना नव्हती.

त्याने चकती उचलली. खाली ठेवली. शॉकअपच्या डोक्यावर मधोमध एक मोठा नट असतो. खालची सगळी स्प्रिंग त्या एका नटाने दाबून धरलेली असते. थोरल्याने खोकून घसा साफ केला.

"आता हा मधला नट सोडतो," तो गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला.

वहिनींना मधलं-कडेचं काही कळत नव्हतं. त्या आत गेल्या आणि त्यांनी भाबडेपणाने तेच वाक्य फोनमध्ये सांगितलं. पुढचं उत्तर ऐकायला फोनची गरज पडली नाही. अंगणात, बॉनेटवरच्या ओल्या कपड्यांपर्यंत आवाज आला.

"मधल्या नटाला हात लावू देऊ नका त्याला. वहिनी, पाना काढून घ्या त्याच्या हातातला. दादा, मूर्खा, ठेव तो पाना."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणाला?" थोरल्याने विचारलं. "म्हणजे, तुला काय वाटलं?"

"मला काही वाटलं नाही. त्याने फोन ठेवला."

थोरला मान खाली घालून बसला. एका बाजूने उंच आणि एका बाजूने चाकाविना असलेल्या त्या गाडीकडे बघवेना, म्हणून तो कपड्यांच्या घड्या करायला लागला. कपडे अजून ओलेच होते.

मागची बाजू

संध्याकाळ होता होता एक भाड्याचा टेम्पो गल्लीत शिरला आणि पूर्ण थांबायच्या आत त्यातून धाकट्याने उडी मारली. तो कामावरून तसाच निघाला होता. मशीन टेम्पोतच होतं.

"हात लावलास?"

"कशाला?"

"मधल्या नटाला."

"मला काय वेड लागलंय?" थोरला म्हणाला. "तो सोडला की स्प्रिंग थोबाडात येते. तू एवढासा होतास तेव्हा मीच तुला सांगितलंय हे."

धाकट्याने शॉकअपकडे बघितलं. नटावरची धूळसुद्धा जागची हलली नव्हती. मग त्याने पायरीवर व्यवस्थित ठेवलेल्या पान्याकडे बघितलं, आणि मग वहिनींकडे. वहिनी ओल्या कपड्यांच्या घड्या मोडत होत्या.

"सरक," धाकटा म्हणाला, आणि आर्मवर चढला. "घाल बोल्ट."

बोल्ट पहिल्याच फटक्यात गेला.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला दुसरं भाडं होतं. पण दोघं भाऊ एकेक नट असा आवळत होते, जणू गाडी नाही, देव्हारा घडवताहेत. चाक चढलं, जॅक उतरला. थोरल्याने सवयीने खिशातून पाणसळ काढून हौद्याच्या कडेवर ठेवली. बुडबुडा मधोमध.

"मधोमध," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. धाकटा हात पुसायला लागला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"ओ, मशीनचं काय ते करा," टेम्पोवाला ओरडला. "मी निघालो."

अंगणात कपडे, अवजारं, शेंगांची सालं. जमिनीवर जागा नव्हती.

"आजच्यापुरतं हौद्यात ठेवू," थोरला म्हणाला.

"आजच्यापुरतं," धाकटा म्हणाला.

तिघांनी आणि हाक मारून बोलावलेल्या मास्तरांनी मिळून मशीन चढवलं. ते आपल्या जुन्या भोकांवर नेमकं बसलं. मागच्या स्प्रिंगा कण्हल्या, हौदा खाली गेला, आणि दिवसभराच्या मेहनतीने वर आलेलं नाक आणखी वर गेलं. धाकट्याने सवयीने दिवे तपासायला म्हणून लावले. उजेड रस्ता सोडून थेट समोरच्या वरच्या मजल्यावर, मास्तरांच्या फळ्यावर पडला. खालून फळ्यावरचं गणित वाचता येत होतं.

"सकाळी तोंड पडलं होतं," मास्तर हाशहुश करत म्हणाले. "आता आकाशाकडे बघतेय. मिळवलं काय?"

हौद्याच्या कडेवर पाणसळ अजून तशीच होती. त्यातला बुडबुडा पार पुढच्या टोकाला जाऊन चिकटला होता. दोघं भाऊ त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"दोन्ही चकत्या काढाव्या लागतील उद्या," धाकटा म्हणाला.

"कशाला? गाडी सरळच आहे." थोरल्याने पाणसळ उचलली आणि न बघता खिशात टाकली. "जमीन तिरकी आहे."

"हे मी तेव्हाच सांगत होतो, दादा."

"मीही तेव्हाचंच सांगतोय."