बिनब्रेकच्या गाड्यांचे परब

आमच्या कॅम्पात न्हाणीघरं चार आणि माणसं अठ्ठावीस. पहाटे साडेपाचला टॉवेल खांद्यावर टाकून रांग लागायची, आणि रांगेच्या टोकाला दत्ताराम परब हातात भला मोठा पाना घेऊन उभे असायचे. चारही दारं रिकामी झाली की ते पाण्याच्या पाइपवर तीन टोले हाणायचे आणि ओरडायचे, "दोन मिनटां!"

दोन मिनटांत पुढच्या चौघांनी साबणासकट आपापल्या दारापुढे हजर व्हायचं. नाही झाला तो बाद. बाद म्हणजे रांगेच्या शेवटी. मी बहारीनला पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी साबण विसरलो म्हणून खोलीकडे धावलो. परत आलो तर परब घड्याळ दाखवत होते. म्हटलं, "अहो, दहा सेकंदांचा तर उशीर." ते म्हणाले, "नियम तो नियम." ऑगस्टच्या त्या चिकट उकाड्यात मी बिनआंघोळीचा कंपनीच्या बसमध्ये बसलो. शेजारी साताऱ्याचा माने वेल्डर होता. तो नाक दाबून म्हणाला, "इंग्लंडातले नियम हायत ते. सवय होईल तुमाला."

परब मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गाव वेंगुर्ल्याजवळ. बुटके, काटक, डोक्यावर कायम तेलकट टोपी. मी त्याच वर्कशॉपच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं आणि ऐंशीच्या दशकातली पहिली काही, एवढा आमचा सहवास. त्या काळात मी परबांकडून जहाजाबद्दल फारसं काही शिकलो नाही, पण स्पीडवेबद्दल एवढं शिकलो की परीक्षा असती तर पहिला आलो असतो.

स्पीडवे म्हणजे मोटारसायकलची शर्यत. लंबगोल मैदान, त्यावर लाल दगडाचा भुगा. चार गाड्या, चार फेऱ्या, जेमतेम मिनिटभराचा खेळ. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. सुरुवातीला चौघांपुढे फीत ताणलेली असते. ती वर उडण्याआधी जो तिला शिवेल तो बाद. बोलावणं आल्यावर दोन मिनटांत जो रेषेवर येणार नाही तोही बाद. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. हे शेवटचं सांगताना परबांचा चेहरा देवळात गेल्यासारखा व्हायचा. "ब्रेक दिलो की माणूस इचार करूक लागता," ते म्हणायचे.

परबांनी ही शर्यत कधी डोळ्यांनी पाहिली होती का? छे! टीव्हीवर? तिथेही नाही. स्वतः मोटारसायकल चालवायचे म्हणाल, तर सायकलवरूनसुद्धा उतार आला की खाली उतरून चालायचे.

त्यांचे गुरू हॅरीसाहेब. वर्कशॉपचे फोरमन, लाल गालांचे, थोराड इंग्रज. राहायला रिफा गावात, तिथून जुन्या गाडीने यायचे. तरुणपणी आपल्या गावच्या स्टेडियममध्ये ते शर्यतीआधी मैदानाचा भुगा सारखा करायचं काम करत. त्यांनीच परबांना हे सगळं शिकवलं, आणि निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावरही सोडलं नाही. त्यांच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी सामना असे. हॅरीसाहेब मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून बसायचे आणि ती कॅसेट बहारीनला पाठवायचे. सोबत सामन्याचं छापील पुस्तक, त्यातले गुणांचे चौकोन कोरे. तिकडे म्हणे प्रत्येक प्रेक्षक पेन्सिल घेऊन जातो आणि शर्यत संपली की चौकोन भरतो. न भरता घरी जाणं म्हणजे पंगतीतून न जेवता उठणं.

कॅसेट यायला तीन आठवडे लागत. मग शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, परबांच्या खोलीत सामना भरायचा. आम्ही दहा-बारा जण खाटांवर दाटीवाटीने बसायचो. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरून अशाच कॅसेटी यायच्या, बायकोचा आवाज, पोराचा पाढा, मागे कोंबड्यांची कलकल. त्या ज्याच्या त्याने एकट्याने ऐकायच्या असत. हॅरीसाहेबांची मात्र सर्वांची. आधी नुसती घरघर, मग चार इंजिनं एकदम किंचाळायची, आणि परब डोळे मिटून बोटाने हवेत वळणं काढायचे. पहिल्या वळणावर कोण पुढे आहे हे त्यांना आवाजावरून कळतं, असा त्यांचा दावा होता. तो खोडणार कोण? इंग्रजी निवेदन मी मराठीत सांगायचो, परब पेन्सिलीने चौकोन भरायचे आणि रेफ्रीच्या नावाने खडे फोडायचे. तिकडचे रेफ्री उंच काचेच्या खोलीत बसतात. "काचेत बसलेल्याक धूळ काय समाजतली?" हा परबांचा कायमचा आक्षेप. न्हाणीघरापाशी स्वतः रेफ्री असले म्हणून काय झालं!

एकदा एक कॅसेट ऐकता ऐकता परब ताडकन उभे राहिले. सामना संपल्यावर हॅरीसाहेबांनी थोडं बोलून ठेवलं होतं. स्टेडियम स्पीडवेवाल्यांचं नव्हतंच. ते होतं कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्या एका कंपनीचं, आणि स्पीडवेवाले गुरुवारपुरते भाडेकरू. आता कंपनी ती जागा फर्निचरच्या दुकानासाठी विकणार होती.

"म्हणजे कुत्रेवालो खोत," परब म्हणाले, "आनी आपलो स्पीडवेवालो कूळ."

"तसंच काहीसं," मी म्हणालो. ही माझी चूक.

"किती वर्सां कसतासत?"

"तीसेक असतील."

"मगे झाला तर! कूळकायदो लावा म्हणान सांगा. सातबाऱ्यार कूळ म्हणान नाव लागला काय? नाय लागला तर पयला ता लावून घेवा. खोताचो बापूस इलो तरी हलवूक शकना नाय."

परबांच्या घरची दीड एकर जमीन त्यांच्या वडिलांनी अशीच खोताकडून सोडवली होती, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. इंग्लंडात सातबारा नसतो, हे मी परोपरीने सांगितलं. ते माझ्याकडे कीव येऊन बघत राहिले. "जमीन आसा, म्हणजे सातबारो आसतलोच, जोशीनू."

शेवटी मी इंग्रजीत पत्र लिहिलं. 'तीस वर्षं जो जमीन कसतो त्याचा तिच्यावर हक्क असतो, खोताने दिलेल्या पावत्या जपून ठेवाव्यात, तलाठ्याशी गोडीत राहावं', असं सगळं. तलाठ्याला इंग्रजीत काय म्हणावं यावर एक अख्खी दुपार गेली. खाली कॅम्पातल्या सव्वीस जणांच्या सह्या, त्यातले चार अंगठे. उरलेले दोघे सुट्टीवर होते, नाहीतर तेही सुटले नसते.

हॅरीसाहेबांनी ते पत्र प्रेक्षकांच्या सभेत वाचून दाखवलं आणि सभेची कॅसेट पाठवली. आधी मोठा हशा ऐकू आला. मग कोणीतरी म्हणालं, "हसता काय, या माणसाचं म्हणणं बरोबर आहे," आणि टाळ्या पडल्या. बहारीनच्या आमच्या त्या खोलीतही आम्ही टाळ्या वाजवल्या. परबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

व्हायचं ते झालंच. स्टेडियम विकलं गेलं. शेवटच्या सामन्याची कॅसेट आली, तीत शेवटची शर्यत संपल्यावरही लोक हलत नव्हते. नुसती कुजबुज ऐकू येत होती. परबांनी शेवटचा चौकोन भरला, खाली स्वतःची सही केली आणि पुस्तक पेटीत ठेवलं. म्हणाले, "खलास."

त्यानंतर कॅसेट येईना. दोन महिन्यांनी चार ओळींचं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. 'दत्ता, गुरुवारी आता मी घरीच असतो. बायको गेल्यापासून त्या एका संध्याकाळसाठी मी दाढी करून बाहेर पडत असे. आता पाठवण्यासारखं काही उरलं नाही. तूही पत्र लिहीत बसू नकोस. सुखी राहा.'

त्या आठवड्यात चार दिवस पाइप वाजला नाही. न्हाणीघरांपुढे हाणामारीची वेळ आली. ज्या परबांच्या नावाने आम्ही रोज बोटं मोडायचो, त्यांनाच जाऊन विनवलं की बाबा, पाना घे.

पाचव्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "म्हातारो दाढी करूचो बंद झालो, जोशीनू. ह्या बरा नाय."

"आपण काय करणार?"

"सामनो घेवया. हंयसर. आनी त्येका धाडूया."

मी हसलो. ते हसले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी कॅम्पामागच्या मोकळ्या जागेत तेलाच्या रिकाम्या पिंपांनी लंबगोल आखला. गाड्या म्हणजे चार सायकली, त्यांचे ब्रेक परबांनी स्वतःच्या हाताने काढले. फीत म्हणून मानेच्या लेंग्याची नाडी. सायकलींना आवाज नाही, मग म्हातारा ऐकणार काय? परबांनी चाकांच्या तारांत पुठ्ठ्याचे तुकडे अडकवले. चारही सायकली एकदम निघाल्या तेव्हा असा फडफडाट झाला की पठाण वॉचमन "यल्ला, यल्ला", म्हणजे "चला, चला", असं ओरडत खुर्चीवर चढला. सामन्याचं पुस्तक मी ऑफिसच्या कागदावर आखलं आणि कोरी प्रत कॅसेटसोबत पाठवायला बाजूला ठेवली. निवेदक मी, रेफ्री अर्थातच परब, उलट्या पिंपावर उभे.

तिसऱ्या शर्यतीत माने नाडीला शिवला. बाद! माने सायकल टाकून पिंपापाशी आला. "नाडी माझी, आन् मीच बाद? फीत वर गेली हुती, परब!" परब म्हणाले, "नियम तो नियम." पाच मिनिटं जे भांडण झालं ते सगळं कॅसेटवर आलं. मी बटण बंद करणार होतो, तर परबांनीच माझा हात धरला. "ऱ्हवांदे. त्येका भांडाण आवडता."

कॅसेट गेली. एक महिना गेला, सव्वा महिना गेला. परब रोज टपालाची चौकशी करत. पाइपवरचे टोलेही जरा हळूच पडायचे.

मग एका गुरुवारी पाकीट आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमलो. हॅरीसाहेब पुरती वीस मिनिटं बोलले होते, आणि त्यातली पंधरा नुसती परबांना शिव्या घालण्यात गेली होती. 'तिसऱ्या शर्यतीत त्या वेल्डरवर अन्याय झाला आहे. फीत वर गेल्याचा आवाज मी तीनदा ऐकला. असा आंधळा रेफ्री उभ्या आयुष्यात पाहिला नाही. ती शर्यत पुन्हा घ्या, नाहीतर मी वर तक्रार करीन. आणि पुढचा सामना कधी, ते आधी कळवा.' माने तर खाटेवर उभा राहून नाचायला लागला.

परब खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, "माका आंधळो म्हणता." पुन्हा म्हणाले, "आंधळो म्हणता माका! म्हणजे बरो आसा म्हातारो."

सगळे पांगल्यावर मी मागे राहिलो. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. "परब, एका फोरमनसाठी एवढं? इथे कितीतरी साहेब आले नि गेले."

परब टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत होते. ती पुरी गुंडाळून झाल्यावर ते बोलले.

"माजी आये गेली तेव्हा तार हातात पडासर तिसरो दिवस झाल्लो. जावन करतलंय काय? सगळा उरकल्यानी होता. मी वर्कशॉपात कामार जावन उबो रवलंय, पण हातातसून पानो पडा होतो. हॅरीसायबान बगल्यान. माका आपल्या केबिनीत नेल्यान आनी दार लावून घेतल्यान. आता त्येका मराठी येणा नाय, माजा इंग्लिश तुमका म्हायत आसा. मरणाचा काय बोलूचा ता त्येका कळाक नाय. मगे त्येणा कागद घेतल्यान, एक लंबगोल काडल्यान, आनी माका स्पीडवेचे नियम सांगूक लागलो. सकाळसून सांजपर्यंत. मधीच माका रडाक इला. त्येणा पेन्सिल खाली ठेवल्यान. मगे फुडचो नियम सांगल्यान."

बाहेर कोणीतरी सायकलच्या तारांत पुन्हा पुठ्ठे अडकवत होतं. परब जमिनीकडे बघत बसले होते. मी त्यांच्याजवळ सरकून बसलो आणि त्यांची पेन्सिल उचलली.

"परब," मी म्हणालो, "चौघांपैकी दोघं पहिल्याच वळणावर पडले, तर गुण कसे देतात हो?"

परबांनी डोळे पुसले. "बगा हां," ते म्हणाले, "हेच्यात दोन प्रकार आसत."