किल्ल्यातली चूल

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत सायकलनं जाऊन बघण्यासारखा एकही किल्ला मन्मथअप्पा बिराजदारांनी सोडलेला नाही. सगळे पाहिलेत. फक्त बाहेरून.

म्हणजे असं, की पहाटे उठून कधी वीस, कधी साठ किलोमीटर पायडल मारत जायचं, किल्ल्याच्या दरवाज्यासमोर सायकल लिंबाला टेकवायची, डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसायचा आणि सोबतच्या माणसाला म्हणायचं, ‘‘जाऊन या. मी हाय इथंच.’’ स्वतः आत पाऊल टाकायचं नाही. आणि सोबतचा माणूस म्हणजे मी. दुसरं कोण येणार मरायला?

मी मूळचा मुदखेडचा. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा फिजिक्स शिकवायला आलो आणि अप्पांच्या घरात दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. घर तीन मजली. खोल्याखोल्यांत डॉक्टर व्हायला निघालेली पोरं कोंबलेली, आणि घराचे मालक अंगणात पत्र्याखाली, बाजेवर. एकदा भर पावसात मी म्हटलं, ‘‘अप्पा, वर एक खोली रिकामी आहे, झोपा की.’’ तर म्हणाले, ‘‘हितं वारं लागतंय.’’ वारं कसलं डोंबलाचं, बाज भिजत होती! वरचा नळ गळायला लागला तरी हा माणूस अंगणात उभा राहून प्लंबरला खालून ओरडून सूचना द्यायचा. किल्लारीकडच्या भूकंपाच्या पट्ट्यातून ते आलेत एवढं मला ठाऊक होतं. पण तेव्हा लातुरात तिकडून आलेली माणसं घरटी सापडायची. कोण कुणाला काय विचारणार?

दर शुक्रवारी फाटकाला एक कागद चिकटायचा. ‘रूट नंबर चार. लातूर ते औसा. किल्ला. रस्ता बरा. चढ एक. म्हशी आडव्या येतील, घंटी मारू नये, बिचकतात. निघणे रविवारी पहाटे पाच.’ खाली नावं लिहायला दहा रेघा आखलेल्या. पोरं थांबून वाचायची. ‘‘अप्पा, रविवारी टेस्ट हाय, रिव्हिजन करून राहिलो,’’ म्हणायची आणि पळायची. टेस्ट खरंच असायची. पेपर मीच काढायचो. दोन वर्षांनी पोरं गाद्या गुंडाळून जायची, नवी यायची, रेघा कोऱ्या त्या कोऱ्याच. एका शुक्रवारी मला दया आली आणि मी नाव लिहिलं. तिथंच फसलो.

अप्पांची उभी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात झाली होती. औशाच्या अर्ध्या रस्त्यात माझा जीव घाबराघुबरा झाला, तर त्यांनी सायकल थांबवून माझी पापणी खाली ओढली. ‘‘रक्त कमी हाय. पर बसणारं जनावर न्हाई. चला.’’ एवढी तपासणी करून पुन्हा पायडल!

औशाचा किल्ला मी अर्धा तास हिंडून पाहिला आणि बाहेर येऊन सांगायला लागलो. बुरूज, तोफा, दुहेरी तट. अप्पा मांडीवर वही उघडून बसलेले; पण लिहीत काही नव्हते.

‘‘तोफा ऱ्हाऊ द्या. चूल कुठं व्हती?’’

‘‘कसली चूल?’’

‘‘एवढी माणसं ऱ्हात व्हती. जेवत असतील का न्हाई? बायका पाणी कुठून भरत व्हत्या? पायऱ्या उंच हायत का बसक्या? भरली घागर घेऊन चढता येतंय का?’’

मी म्हटलं, बघितलं नाही.

‘‘मग पाह्यलं काय तुमी?’’ म्हणाले, आणि मला परत आत धाडलं. भर उन्हात! फिजिक्सच्या मास्तराला!

पुढं हेच सुरू झालं. खरोश्याच्या लेण्यांत देव किती, ते त्यांना नकोच असायचं. ऊन आत कुठवर येतं, एवढं सांगा. उदगीरच्या किल्ल्यात दळायला बसायची जागा कुठं असेल? तलावावर मात्र स्वतः यायचे. डोक्यावर आभाळ असलं की गडी खूश. पाण्यात पाय सोडून दशम्या खायचे, मलाही खाऊ घालायचे, आणि तिथंही विचारायचे, बाया धुणं कुठल्या अंगाला धूत असतील हो? हळूहळू माझीही खोड अशी बदलली, की किल्ल्यात शिरलो की कमानी सोडून मी भिंतीवरची काजळी हुडकायचो. लोक बघायचे. बघू देत.

एक गोष्ट मात्र खटकायची. अप्पांचे रूट दोनपासून सुरू व्हायचे. एक नंबर कुठाय, विचारलं तर म्हणायचे, ‘‘त्यो कंधारचा. जाऊ पुढच्या खेपेला.’’ असं तीन वर्षं चाललं. मग आमच्या क्लासनं नांदेडला शाखा काढली आणि माझी तिकडं रवानगी ठरली. मी अप्पांना सांगितलं. ‘‘बरं झालं, मुदखेड जवळ पडंल,’’ एवढंच म्हणाले आणि सायकलची चेन पुसत बसले.

त्या शुक्रवारी फाटकावर कागद लागला. ‘रूट नंबर एक. कंधार. किल्ला, तलाव. अहमदपूरपर्यंत एसटी, सायकली टपावर.’ म्हशींचा उल्लेख नाही. खाली दहा रेघांऐवजी एकच रेघ.

कंधारला पोचलो. खंदकात पाणी होतं. अप्पांनी सायकल लिंबाला टेकवली. ‘‘जाऊन या. मी हाय इथंच.’’

या खेपेला मी काही म्हणता काही सोडलं नाही. पायऱ्या मोजल्या. विहीर बघितली. एका भिंतीवर काजळी सापडली तेव्हा तर मी एकटाच ‘वा!’ म्हणून ओरडलो. बाहेर येऊन अप्पांसमोर ऐटीत उभा राहिलो. त्यांच्या हातात वही नव्हती.

‘‘विचारा की, अप्पा.’’

‘‘काय इचारू? हितलं समदं मला ठावं हाय. आत जाऊन आलोय मी.’’

ते खंदकाकडं बघत बोलायला लागले.

‘‘आमची बायको कुठंच गेली न्हाई, सर. माहेर आन् सासर, एवढंच. मी सायकल घेऊन हिंडायचो. परत आलो की ती इचारायची, चूल कुठं व्हती, पाणी कुठून भरत्यात. मी तोफा सांगायचो. ती म्हणायची, मग पाह्यलं काय तुमी? कंधारला निघालो तवा म्हणली, आता धड बघून या, न्हाईतर येऊच नका. गमतीनं म्हणली. गणपती बुडवायला घरी पोचायचं व्हतं. पर एका दिसात धड बघणं व्हतंय का? म्हणलं, एक दिस ऱ्हावं. ऱ्हायलो.’’

अप्पांनी एक खडा उचलून खंदकात टाकला.

‘‘पहाटं हितंबी धरणी हालली, भांडी वाजली. लोकांनी हसण्यावारी न्हेलं. मग हॉटेलात रेडिओ लागला. सायकल हाणत गेलो तर गावच न्हाई. आमच्या घरावरचं माळवद दगडमातीचं. गळत व्हतं म्हणून त्या साली म्याच वर चढून आणिक माती टाकली व्हती.’’

म्हणजे त्याच मातीखाली ती गेली. मला एकदम अंगणातली ती बाज दिसली, आणि मी तिची केलेली टिंगल आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘समदं बघून गेलतो, सर,’’ अप्पा म्हणाले. ‘‘पहिल्यांदाच. पर कुणी इचारलंच न्हाई.’’

मी त्यांच्याशेजारी मातीतच बसलो. मग विचारलं, ‘‘अप्पा, चूल कुठं होती?’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग रुमालानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि सरसावून बसले.

‘‘ईहिरीपासून डाव्या अंगाला. तीन चुली असतील एका वळीत. वर धूर जायला झरोका हाय, कुणाचे डोळे झोंबायचे न्हाईत. बाजूला कोनाडा हाय, मिठाचा असंल.’’

मला तीन चुली दिसल्या नव्हत्या, झरोका तर नाहीच.

‘‘आणि पाणी?’’

‘‘लांब हाय जरा. पर वाटंनं सावली हाय.’’

‘‘भरली घागर घेऊन चढता येतं?’’

‘‘येतंय की,’’ अप्पा म्हणाले. ‘‘पायऱ्या बसक्या हायत. तिला जमलं असतं.’’