मोहरबंद टाकीची हकीकत

॥ श्री ॥ चाके ज्याचे आज्ञेने फिरतात आणि ज्याचे मर्जीने थांबतात, त्या देवाचे पायी मस्तक ठेवून लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मास. ते समयी डोंगराचे पायथ्याशी एक दौलत होती. दौलतीत दूध बहुत आणि ते वाहणारी पिकप मात्र एकच. कॅन चढवून घाटापार शीतकरण केंद्रास नेण्याची चाकरी तिजकडे आणि तिची चालकी तुळोजी काकडे याजकडे. तुळोजी जुना, इमानी, बोलणे कमी. ऊन ऐसे की गाडी वाटेत अडली तर दूध नासावे, आणि मग गवळ्यांनी दौलतीचे नावे बोटे मोडावी.

ऐशास घाटातील पूल खचला आणि वाट वळशाची झाली आणि डिझेल अधिक जळू लागले. हा विचार कोणी केला नाही. कारभारी विसाजीपंत यांनी हुजुरांचे कानी घातले की, "सरकार, डिझेल पितंय कोण ते बघा. गाडी का तुळोजी?" मर्जी खप्पा झाली. मग दौलतीचे धनी आबासाहेब डेअरीचे चौकात आले आणि दूध घालावयास जमलेल्या मंडळींदेखत तुळोजीस चोर म्हणाले, आणि स्वहस्ते टाकीचे झाकणावर रबर आवळून, वर लाख ओतून आपली मोहर उठविते झाले. मोहर फोडणे ती कारभाऱ्यांनी किंवा खुद्द धन्यांनीच. चालकाने हात लाविल्यास चालकी गेली, ऐसा हुकूम झाला. तुळोजीने अपमान गिळला आणि किल्ली फिरविली.

पुढे दुसरेच दिवशी घाटाचे चढणीवर इंजिन एकाएकी गप झाले. ना धूर, ना आवाज. तुळोजीने फोन केला, आणि विसाजीपंत हे घनशाम मिस्त्री यांस घेऊन दाखल झाले. आता दौलतीचा रिवाज ऐसा की, इलाजापूर्वी चोरीची शहानिशा. म्हणोन आधी मोहर फोडिली, टाकीत काठी घातली, डिझेल भरपूर दिसले. मग मिस्त्रींनी फिल्टर बदलिला आणि इंजिन गर्जले. मिस्त्रींस शाल मिळाली आणि कारभाऱ्यांनी लाख पुन्हा ओतिली. मग पुन्हा गाडी बंद, पुन्हा मोहर फोडिली, पुन्हा काठी; यावेळी याकूब वायरमन यांनी बॅटरीची तार आवळिली आणि इंजिन गर्जले. त्यांसही शाल. दोघेही आपापले जागी सिद्ध पुरुष ठरले आणि परस्परांशी बोलेनासे झाले. गाडी मात्र बंद पडतच राहिली आणि दूध नासतच राहिले.

मग मसलत बसली. विसाजीपंत बोलिले, "फिल्टर नवा, तार नवी. आता राहिला तो चालक. त्यालाच काढा." मसलतीने माना डोलाविल्या. तेव्हा तुळोजी पुढे जाहला आणि म्हणाला, "धनी, काडायचं तर काडा. पर येक डाव माज्यासंगं बसा. म्या बंद पाडतो का ती आपसूक पडती, सोताच्या डोळ्यानं बगा."

धन्यांस हे मानवले. लाखेची थैली मांडीवर घेऊन स्वारी तुळोजीचे शेजारी बैसली आणि पिकप निघाली. चढणीवर इंजिन अडखळले आणि गप झाले. धन्यांनी रिवाजाप्रमाणे उतरून मोहर फोडिली आणि झाकण फिरविले, तो टाकीने सूंऽऽ करून ऐसा श्वास ओढिला की धनी दचकून मागे सरले. मिस्त्री जवळ नव्हते, वायरमनही नव्हते. तुळोजीने नुसती किल्ली मारली. घरघर बराच वेळ चालली, आणि इंजिन गर्जले. धन्यांनी परीक्षा म्हणोन पुन्हा मोहर केली, आणि गाडी पुढे जाऊन पुन्हा गप. पुन्हा झाकण, पुन्हा तोच श्वास, पुन्हा इंजिन सुरू.

आबासाहेब रस्त्याचे कडेला दगडावर बैसले. झाकणास बारीक छिद्र असते, त्यातून हवा आत जावी तेव्हा डिझेल बाहेर यावे. ते छिद्र आपणच लाखेने बुजविले, हे त्यांचे ध्यानी आले. कारण सापडले आणि ते आपलेच निघाले, याची लाज बहुत वाटली. तुळोजीकडे पाहवेना.

दुसरे दिवशी सकाळी चौकात मंडळी जमली. धन्यांनी लाख खरवडविली आणि तुळोजीस शाल-नारळ पुढे केला. विसाजीपंतांनी जाहीर केले की, दोष हवेचा होता. तुळोजीने शालीस हात लाविला नाही.

"धनी, शाल नगं. चोर म्हनलासा, ते समद्यांम्होरं म्हनलासा. ते समद्यांम्होरंच माघारी घ्या."

विसाजीपंत डोळे वटारून बोलिले, "अरे, कुणाशी बोलतोस?"

"माझ्याशी बोलतोय," आबासाहेब म्हणाले. मग मंडळींकडे तोंड करून बोलिले, "तुळोजी चोर नाही. डिझेल वळशाच्या वाटेनं जळलं आणि गाडी माझ्या संशयानं बंद पडली. चूक माझी."

"दूध तापतंया, जातो," तुळोजी इतकेच म्हणाला आणि किल्ली घेऊन गाडीत चढला.

एवंच, पिकप एकाएकी बंद पडण्याची कारणे मसलतीत बहुत निघाली, घाटात एकच निघाले. विसाजीपंत अद्याप हवेसच दोष देतात. दूध ते दिवशी न नासता पोहोचले. वाटेत इंजिन एकदाच थांबले. ते तुळोजीने आपण होऊन थांबविले, डोळे पुसावयास. घडले ते ऐसे, आणि लिहिले ते इतकेच.